नळदुर्गचा पूल: सोलापूरहून निघालेल्या फौजेची गोष्ट

सोलापूरहून हैदराबादला निघालं की बोरामणी मागे पडतं आणि तासाभरात नळदुर्गचा किल्ला दिसू लागतो. पावसाळ्यात सहलीला आलेली माणसं किल्ल्यातला पाणीमहाल आणि त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे बघतात, फोटो काढतात आणि परततात. ज्या बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहाच्या काळात तो बंधारा घातला गेला, तीच नदी हैदराबादच्या रस्त्यालाही आडवी येते. तिच्यावरच्या पुलाकडे मात्र कोणी थांबून बघत नाही. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय लष्कराची सगळ्यात मोठी चिलखती फौज सोलापूरच्या बाजूने निघाली, तेव्हा तिच्यासमोर पहिला प्रश्न होता तो या पुलाचा. पूल हाती आला तर हैदराबादचा रस्ता खुला. पूल उडवला गेला तर रणगाडे नदीच्या अलीकडे चिखलात अडकून पडणार.

त्या मोहिमेला आपल्याकडची जुनी माणसं अजून ‘पोलिस ॲक्शन’ म्हणतात. कोणाचा जन्म, कोणाचं लग्न, कोणाची जमीन गेली, हे सगळं ‘ॲक्शनच्या आधी’ आणि ‘ॲक्शनच्या नंतर’ असं मोजलं जायचं. लष्करी कागदपत्रांत तिचं नाव ‘ऑपरेशन पोलो’. १३ तारखेच्या पहाटे चारला ती सुरू झाली आणि १७ तारखेच्या संध्याकाळी पाचला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. हिशेब केला तर १०९ तास भरतात. इतक्या थोड्या वेळात सुमारे ८२ हजार चौरस मैलांचं, दीड कोटीहून जास्त लोकवस्तीचं संस्थान कोसळलं, म्हणून पुष्कळांना ती सोपी मोहीम वाटते. मला ती सोपी वाटत नाही. या १०९ तासांच्या मागे सरहद्दीवरच्या तेरा महिन्यांची खडतर तयारी होती आणि त्या तयारीत सोलापूर-बार्शीचा वाटा मोठा होता. तो कसा, हे समजायला आधी सरहद्द समजून घ्यावी लागते.

आज सोलापूर आणि धाराशिव हे शेजारचे दोन जिल्हे आहेत. १९४७ साली त्यांच्यामध्ये दोन राज्यांची हद्द होती. सोलापूर मुंबई इलाख्यात, तर तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, लोहारा हे निजामाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात. ही हद्द सरळ रेषेत नव्हती. निजामाची काही गावं सोलापूर-बार्शीच्या मुलखात बेटांसारखी विखुरलेली होती. एका शिवारात उभं राहून माणूस मुंबई सरकारच्या राज्यात असायचा आणि बांध ओलांडला की निजामाच्या. अलीकडे कलदार रुपया चालायचा, पलीकडे हाली सिक्का, आणि दोघांची किंमत वेगळी. सरहद्दीवर निजामाच्या जकात खात्याची ठाणी होती. त्यांना लोक करोडगिरी नाके म्हणत. बैलगाडीत गुळाची ढेप असो की लेकीच्या लग्नाचं लुगडं, नाक्यावर गाडी थांबायची आणि गाठोडं सुटायचं.

माणसांचे संबंध मात्र या हद्दीला जुमानत नव्हते. सोलापूरच्या मागांवर बसणारे पद्मशाली विणकर तेलंगणातून, म्हणजे निजामाच्याच मुलखातून पोटापाण्यासाठी आलेले. भवानीच्या दर्शनाला जाणारा सोलापूरचा माणूस तुळजापूरला गेला म्हणजे परराज्यात जायचा. मुंबई-मद्रास रेल्वे सोलापूर सोडल्यावर गुलबर्ग्याकडे निजामाच्या हद्दीतून धावायची, तर कुर्डुवाडीहून निघणारी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी बार्शी ओलांडून निजामाच्याच लातूरला जायची. त्यामुळे संस्थानात जे घडेल त्याची झळ सोलापूरला बसणारच होती.

आणि सोलापूर हे लढ्याला नवखं शहर नव्हतं. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर इथे उठाव झाला, काही दिवस शहरावर सरकारचा ताबा राहिला नाही, आणि मग मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. ही आठवण ताजी असलेल्या शहरात पुढच्या लढ्यातल्या कार्यकर्त्यांना आसरा मिळाला, यात नवल नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारतात सामील व्हायला नकार दिला. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. त्यांचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. शिक्षणाच्या निमित्ताने ते सोलापुरात राहिलेले आणि पुढे उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक झालेले. संस्थानाच्या आत झेंडा फडकवणं गुन्हा ठरला. कार्यकर्ते रात्री शिंदीची झाडं तोडू लागले, कारण शिंदीच्या अबकारीवर निजामाच्या तिजोरीचा मोठा भार होता. शेतकऱ्यांना लेव्हीचं धान्य घालू नका, असं सांगितलं जाऊ लागलं. त्यावर सरकारने हात मोकळा सोडला तो रझाकारांचा. इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचं हे सशस्त्र दल आणि त्याचा पुढारी कासीम रझवी. तो लातूरचा वकील. गावं लुटली गेली, घरं जाळली गेली, आणि बैलगाड्या भरून माणसं सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडे येऊ लागली. ज्यांचं गावात घर होतं, शेत होतं, ती माणसं इथे येऊन धर्मशाळेत, नातलगांच्या ओसरीवर राहिली.

या निर्वासितांतून आणि संस्थानातून बाहेर पडलेल्या तरुणांतून सरहद्दीवरचे कॅम्प उभे राहिले. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे नेते असलेली कृती समिती संस्थानाबाहेरून सूत्रं हलवत होती. उस्मानाबाद भागात फुलचंद गांधींसारखे कार्यकर्ते पुढे होते. संस्थानाच्या चारही बाजूंनी, मुंबई इलाख्यात, वऱ्हाडात, कर्नाटकात आणि आंध्रात असे कॅम्प पसरले.

कॅम्प म्हटलं की तंबूंची रांग डोळ्यासमोर येते. प्रत्यक्षात तो हद्दीच्या अलीकडच्या गावातला एखादा वाडा, मळ्यातलं घर किंवा देवळाची ओवरी असायची. पंचवीस-पन्नास तरुण, थोड्या बंदुका, त्यांतल्या पुष्कळ ठासणीच्या, आणि भाकरी गावकऱ्यांच्या घरातून. दिवसा कवायत आणि निशाणेबाजी, रात्री हद्दीपलीकडे छापा. छाप्याचं मुख्य लक्ष्य होतं ते करोडगिरी नाकं, पोलिस ठाणं किंवा पाटील-पटवाऱ्याचं दप्तर.

नाक्यावरचा छापा नेमका काय साधायचा, हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. नाका म्हणजे दोन-तीन खोल्या, पाच-दहा शिपाई, एक कारकून आणि पेटीभर पावत्या. टोळी रात्री गावाच्या बाजूने न येता शिवारातून यायची, कारण गावातली कुत्री भुंकली की नाका जागा व्हायचा. तार आधी तोडली जायची. शिपायांची शस्त्रं काढून घेतली जायची आणि दप्तर पेटवलं जायचं. दुसऱ्या दिवशी त्या वाटेने जाणाऱ्या गाड्यांकडून जकात घ्यायला कोणी नसायचं. जळालेल्या नाक्यावर सरकार पुन्हा माणसं पाठवायचं ती दुप्पट संख्येने. असे नाके शेकडो मैलांच्या हद्दीवर होते. ज्या शिपायाला हद्दीवर डोळ्यात तेल घालून बसावं लागतं तो दुसरीकडे वापरता येत नाही. कॅम्पवाल्यांनी निजामाचं सैन्य हरवलं नाही, तशी त्यांची ताकदही नव्हती. पण त्यांनी त्याची शक्ती पातळ करून टाकली आणि खेड्यापाड्यांत निजामाचा अंमल संपत आला आहे, ही भावना रुजवली. काही पट्ट्यांत सरकारी माणूस दिवसासुद्धा जायला धजत नव्हता. पैशासाठीही धाडसं झाली. त्यांतली सगळ्यात गाजलेली ३० जानेवारी १९४८ ची. त्या दिवशी वऱ्हाडच्या हद्दीवरच्या कॅम्पमधल्या तरुणांनी नांदेड भागातल्या उमरीची बँक लुटली आणि लाखोंची रक्कम चळवळीच्या कामी आणली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली.

पुढून शिस्तबद्ध फौज आणि शत्रूच्या पिछाडीला गावकऱ्यांच्या टोळ्या, ही जोडी युद्धशास्त्राला नवी नाही. रशियातल्या यादवी युद्धात १९१९ साली असंच घडलं होतं. बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या ॲडमिरल कोल्चाकची फौज व्होल्गाच्या जवळ पोचली होती. सेनापती फ्रुंझेच्या हाताखालच्या, बोल्शेविकांच्या लाल सैन्याने तिला मागे रेटलं, पाचव्या सैन्याने उरल ओलांडून चेल्याबिन्स्क घेतलं आणि १४ नोव्हेंबरला कोल्चाकची राजधानी ओम्स्क पडली. हा सगळा प्रवास रेल्वेमार्गाच्या कडेकडेने झाला. त्याच वेळी कोल्चाकच्या पाठीमागे सायबेरियात शेतकऱ्यांच्या टोळ्या रूळ उखडत होत्या, गाड्या अडवत होत्या, त्यामुळे त्याला आघाडीवरची माणसं काढून रेल्वेच्या राखणीला लावावी लागली. हैदराबादच्या प्रकरणात रुळाची जागा रस्त्याने घेतली. आणखी एक फरक मोठा आहे. रशियात त्यांतल्या अनेक टोळ्या पुढे लाल सैन्यात सामावल्या गेल्या. आपल्याकडे कॅम्पवाले आणि लष्कर शेवटपर्यंत वेगळेच राहिले. म्हणूनच लष्कराच्या इतिहासात कॅम्पवाले दिसत नाहीत आणि मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत लष्कर शेवटच्या पानावर येतं.

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि हैदराबाद यांच्यात वर्षभराचा ‘जैसे थे’ करार झाला. त्यावर दोन्हीकडून विश्वास नव्हता. निजाम सरकारने भारतीय चलनावर बंधनं आणली आणि पाकिस्तानला २० कोटी रुपयांचं कर्ज देऊ केलं. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात विमानाने शस्त्रं आणून बीदर-वरंगळला उतरवू लागला. मे १९४८ मध्ये गाणगापूर स्टेशनवर मेल गाडीवर हल्ला झाला. सोलापूरहून पुढे जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाच्या मनात धास्ती बसली. जुलैमध्ये सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नजजवळ भारतीय जवानांच्या तुकडीवर दबा धरून गोळीबार झाला, जवान मारले गेले आणि लष्कराने निजामाच्या हद्दीतलं ते गाव ताब्यात घेतलं. आज नान्नज म्हटलं की माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आठवतं. त्या गवताळ माळावर तेव्हा हैदराबादच्या युद्धाची ठिणगी पडली होती.

लष्कराची योजना त्याच्या आधीच तयार होती. दक्षिण कमांडचे त्या वेळचे प्रमुख लेफ्टनंट जनरल एरिक गोडार्ड यांनी ती आखली. ते गेल्यावर लेफ्टनंट जनरल महाराज राजेंद्रसिंहजी यांनी सूत्रं हाती घेतली. मूळ कल्पना साधी होती. हैदराबाद शहर संस्थानाच्या मध्याजवळ. पश्चिमेकडून सोलापूर आणि पूर्वेकडून बेजवाडा, म्हणजे आजचं विजयवाडा, या दोन टोकांकडून एकाच रस्त्याच्या दोन बाजूंनी शहराकडे धडक मारायची. बाकीच्या दिशांनी छोट्या तुकड्या शिरवून निजामाच्या सैन्याला आपापल्या जागी अडकवून ठेवायचं. यांतली मुख्य धडक सोलापूरची. ती पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनकडे होती आणि तिचे प्रमुख मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी. पुढे ते देशाचे लष्करप्रमुख झाले.

मुख्य धडक सोलापूरहूनच का, याची कारणं जमिनीत आहेत. सोलापूर मुंबई-पुण्याशी मोठ्या रेल्वेने जोडलेलं होतं. रणगाडे रस्त्याने लांबवर नेले तर त्यांचे पट्टे झिजतात, इंजिनं दमतात, म्हणून ते रेल्वेने शक्य तितके जवळ आणतात. सोलापूरला ते शक्य होतं. शिवाय इथून हैदराबादला थेट हमरस्ता, अंतर सुमारे ३०० किलोमीटर. आता आपल्या भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, सप्टेंबरात काळ्या रानात बैलगाडी घालता येते का. चिबडलेल्या काळ्या मातीत गाडीचं चाक आसापर्यंत रुततं. तीस टनांचा रणगाडा तिथे किती टिकणार? म्हणजे फौजेला रस्ता सोडून पसरता येणार नव्हतं. सगळा भार एका रस्त्यावर, आणि रस्त्याचा भार पुलांवर. निजामाच्या सेनापतींना, मेजर जनरल एल एद्रूस यांना, हे कळत नव्हतं असं नाही. पूल उडवण्याची तयारी त्यांच्याकडेही होती.

फौजेचे चार भाग केले होते आणि त्यांना सडेतोड नावं दिली होती: स्ट्राइक, स्मॅश, किल आणि वीर. स्ट्राइकमध्ये लॉरींतून चालणारं पायदळ, चपळ घोडदळ (आता घोड्यांऐवजी चिलखती गाड्यांवरचं) आणि हलक्या तोफा. स्मॅशमध्ये मुख्यतः रणगाडे आणि तोफखाना. बाकी दोघांत पायदळ, इंजिनिअर आणि रणगाडाविरोधी तोफा. पुण्याचं नाव मिरवणारी पूना हॉर्स शेरमन रणगाडे घेऊन या मोहिमेत होती आणि थर्ड कॅव्हलरीही होती.

अशी फौज रस्त्यावरून कशी सरकते, हे बघितलं की पुढच्या घटना कळतात. सगळ्यात पुढे हलक्या चिलखती गाड्या. त्यांचं काम म्हणजे गोळी अंगावर घेऊन शत्रू कुठे आहे ते शोधणं. त्यांच्या मागे रणगाडे, मग लॉरींतलं पायदळ, मग तोफा. तोफा रस्त्याच्या कडेला थांबून पुढच्यांना आधार देतात. इंजिनिअरांची तुकडी शेवटी ठेवून चालत नाही, ती पुढच्या भागातच लागते, कारण सुरुंग काढायचे असतात आणि ओढ्यावरचा पूल तपासायचा असतो. सगळ्यांच्या मागे पेट्रोल, दारूगोळा आणि रेशनच्या लॉऱ्या. एकेरी रस्त्यावर ही शेपूट मैलोन् मैल लांबते. पुढची गाडी थांबली की मागचं सगळं थांबतं. म्हणून अशा मोहिमेत वेग हाच बचाव असतो. शत्रूला विचार करायला, पूल उडवायला आणि खंदक खणायला वेळच द्यायचा नाही.

१३ सप्टेंबरच्या अंधारात फौज हद्द ओलांडून निघाली. नळदुर्गला हैदराबादच्या पहिल्या इन्फन्ट्रीची तुकडी होती. सातव्या ब्रिगेडने अंधाराचा आणि वेगाचा फायदा घेऊन बोरीवरचा पूल जसाच्या तसा हस्तगत केला, आणि दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गच्या मोर्च्यांवर हल्ला चढवला. याच परिसरात एक जीप पकडली गेली. जीपमध्ये स्फोटकं भरलेली होती आणि चालवणारा होता निजामाच्या नोकरीत असलेला एक इंग्रज लेफ्टनंट, टी. टी. मूर. नळदुर्गजवळचा पूल उडवण्याचं काम त्याच्यावर सोपवलेलं होतं. पूल उडायच्या आत तो पकडला गेला. एका माणसाच्या, एका जीपच्या उशिरावर तीनशे किलोमीटरची मोहीम अवलंबून होती, हे मला या सगळ्या हकीकतीतलं सगळ्यात थरारक सत्य वाटतं.

पुलावरून रणगाडे गेले. सकाळी नऊला ते जळकोटला होते. तिथून लेफ्टनंट कर्नल रामसिंग यांचं स्ट्राइक दल पुढे निघालं आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास उमरग्यात शिरलं, म्हणजे हद्दीच्या साठेक किलोमीटर आत. तिथल्या रझाकारांचा प्रतिकार फार टिकला नाही. त्याच सकाळी दुसरी तुकडी उजाडता उजाडता तुळजापूरला भिडली होती. तिथे निजामाच्या पायदळाची तुकडी आणि सुमारे दोनशे रझाकार दोन तास लढले आणि मग शरण आले. देवीच्या गावात नवरात्राच्या आधीच्या त्या दिवसांत गोळ्यांचा आवाज घुमला. ही तुकडी पुढे लोहाऱ्याकडे निघाली, पण नदीला पूर आल्यामुळे तिला थांबावं लागलं. नळदुर्गचा पूल हातचा गेला असता तर मुख्य फौजेचं काय झालं असतं, ते लोहाऱ्याच्या वाटेवर त्याच दिवशी दिसलं.

दुसऱ्या दिवशी उमरग्याहून राजेश्वरपर्यंत, सुमारे ४८ किलोमीटर. वाटेत रस्त्याच्या दोन्ही अंगांना दबा धरून बसलेल्या तुकड्या विमानांतून दिसल्या, म्हणून हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी त्यांच्यावर मारा केला आणि दुपारपर्यंत राजेश्वर हाती आलं. १६ तारखेला झहिराबादच्या वाटेवर सुरुंग पेरलेले सापडले. ते एकेक करून काढेपर्यंत फौज थांबली. बीदरकडे वळणाऱ्या फाट्यावर पुन्हा गोळीबार झाला. थोडी माणसं तिथे ठेवून बाकीची पुढे निघाली आणि रात्रीपर्यंत झहिराबादच्या पंधरा किलोमीटर पुढे पोचली. गावांच्या आतून घरांच्या आडून रझाकार लढत होते, तेव्हा ७५ मिलिमीटरच्या तोफा पुढे आणाव्या लागल्या. १७ ला पहाटे बीदर पडलं.

बाकीच्या दिशांचं थोडक्यात सांगतो. मेजर जनरल ब्रार यांच्या तुकड्यांनी औरंगाबाद घेतलं, पुढे जालना आणि लातूर. मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, गोवळकोंडा लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार केला. पूर्वेकडून मेजर जनरल रुद्र यांची फौज सूर्यापेटमार्गे येत होती. १७ च्या संध्याकाळी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. १८ ला दुपारी चारच्या सुमारास हैदराबादजवळ एल एद्रूस यांनी चौधुरींपुढे शरणागती पत्करली, आणि चौधुरी संस्थानाचे लष्करी गव्हर्नर झाले. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगातून सुटले.

निजामाचं सैन्य इतक्या लवकर का ढासळलं? त्याच्याकडे सुमारे २२ हजारांचं खडं सैन्य होतं, पण ते चारही हद्दींवर वाटलेलं. विमानदळ नव्हतं. रझाकारांची संख्या कागदावर प्रचंड असली तरी त्यांतल्या कित्येकांच्या हातात भाले आणि तलवारी होत्या. लोकांमध्ये निजामाला आधार उरला नव्हता. मला वाटतं यांत सगळ्यात मोठं कारण ते शेवटचं. रस्त्याच्या कडेच्या गावांनी फौजेची वाट अडवली नाही, उलट तिची वाट बघितली, आणि ती मनःस्थिती तेरा महिन्यांत तयार झाली ती कॅम्पवाल्यांनी आणि सत्याग्रहींनी सोसलेल्या हालांमुळे.

पण ही हकीकत इथे संपवली तर ती अर्धी सांगितल्यासारखं होईल. निजामाची सत्ता गेली त्या दिवसांत आणि त्यानंतर उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा, नांदेड या जिल्ह्यांत सामान्य मुसलमानांवर भयंकर सूड उगवला गेला. ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशी कुटुंबं मारली गेली, लुटली गेली. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने गावोगाव फिरून अहवाल दिला. तिच्या अंदाजाप्रमाणे २७ ते ४० हजार माणसांचा बळी गेला. हा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. ज्या रस्त्याने मुक्ती आली त्याच रस्त्याच्या आजूबाजूच्या गावांत हे घडलं. मुक्तिसंग्रामाबद्दल ज्याला मनापासून आदर आहे त्याने या माणसांचाही हिशेब ठेवला पाहिजे. रझाकारांनी मारलेल्यांचा आणि सूडात मारल्या गेलेल्यांचा, दोघांचाही.

तेलंगणात तर लढाई थांबली नाही. तिथल्या जमीनदारांविरुद्ध कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शस्त्र उचललेले शेतकरी निजाम गेल्यावरही लढत राहिले आणि आता त्यांच्यासमोर भारतीय लष्कर होतं. तो लढा १९५१ मध्ये मागे घेतला गेला. कासीम रझवी शिक्षा भोगून १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात गेला. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ साली मुंबई राज्यात आले. करोडगिरी नाके केव्हाच उठले होते, आता हद्दही पुसली गेली. सोलापूरचा माणूस तुळजापूरला गेला म्हणजे परराज्यात गेला, असं आता नातवंडांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं, मुक्तिसंग्रामाचे स्मृतिस्तंभ फुलांनी सजतात. सोलापूर, बार्शी, अक्कलकोट या बाजूला मात्र कॅम्पच्या खुणा भराभर नाहीशा होत आहेत. ज्या वाड्यात पोरं उतरली, ज्या मळ्यात बंदुका लपवल्या, ज्या घरातून रात्रीच्या भाकऱ्या गेल्या, त्यांतली पुष्कळ घरं पडली. १९४८ साली दहा-बारा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीच्या आसपास आहे. तुमच्या घरात, भावकीत, शेजारच्या गल्लीत असं कोणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा. रणगाडे जाताना त्यांनी कुठून बघितले, निर्वासित कोणाच्या ओसरीवर राहिले, नाक्यावर काय झालं, कोणाचं घर जळालं आणि कोणी कोणाला लपवून वाचवलं, हे त्यांच्या शब्दांत, गावाच्या आणि माणसाच्या नावासकट, लिहून ठेवा. त्यासाठी उद्याची वाट बघू नका.